दोन खाचांचा सेन्सर

१

धुराच्या नळीतून सेन्सर बाहेर आला तेव्हा त्याचं टोक पांढरंफटक पडलेलं होतं, आणि ते बघताच सिस्टरांनी चार गिऱ्हाइकांसमोर मेकॅनिकला चोर म्हटलं.

म्हटलं तेही हळू आवाजात नाही. समोरच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या माणसानं वस्तऱ्याची पर्वा न करता मान वळवली, इतक्या मोठ्यानं. सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची तर आवाज लागतोच, आणि त्यांनी तो चांगला कमावलेला होता.

"गेल्या महिन्यात नवा बसवला म्हणालात ना? नवा असा दिसतो? काल भर चौकात गाडी बंद पडली माझी. तिकडे बाई कळा देतेय आणि मी इकडे अनोळखी माणसाकडे स्कूटरवर लिफ्ट मागतेय. बाळ सुखरूप आलं म्हणून. मला उशीर झाला असता तर कुणाला विचारायचं होतं मी?"

मेकॅनिकला सगळे कानस म्हणायचे. त्याच्या खिशात कायम एक छोटी कानस असे आणि बसवलेल्या प्रत्येक पार्टावर तो तिनं खूण करी, म्हणून ते नाव. त्यानं हातातल्या सेन्सरकडे पाहिलं, मग गॅरेजच्या मालकिणीकडे पाहिलं, आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

मालकीण वयानं त्याच्या मुलीएवढी. वडील गेले आणि गॅरेज तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा स्पार्क प्लग कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. पुढे जे काही आलं ते कानसनं शिकवलेलं. आता सिस्टर तिला बजावत होत्या, "या माणसाला संध्याकाळपर्यंत काढा. नाहीतर आमच्या केंद्राच्या सगळ्या गाड्या उद्यापासून दुसरीकडे जातील. आणि तोवर माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी गाडी लॉक केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्या चालू लागल्या.  मालकिणीनं फोन उचलला आणि मावशीला लावला.

२

मावशी विमा कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि खरं काय घडलं ते सांगायचं, हे तिनं नोकरीभर केलं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, संशय काही सुटला नाही. सोसायटीची लिफ्ट अडकली तरी ती आतल्या माणसांची आधी उलटतपासणी घेई आणि मग दार उघडायला माणूस बोलावी. भाचीच्या गॅरेजमध्ये आल्या आल्या तिनं स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि कानसला समोर बसवलं.

"जुना सेन्सर का बदललात, तिथून सांगा."

ऑक्सिजन सेन्सर हे गाडीचं नाक. धुराच्या नळीत बसून धुरात प्राणवायू किती उरला आहे ते हुंगायचं आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. नाक बिघडलं की सगळा हिशेब चुकतो. मावशीला हे सांगावं लागत नव्हतं, आणि कानसनंही ते सांगितलं नाही.

"म्हातारा झाला होता तो," कानस म्हणाला. "गाडी पेट्रोल जास्त पीत होती, सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, इंजिनाचा दिवा लागायचा. पण दिवा लागला म्हणून मी लगेच बदलत नाही. नळी कुठे फुटली असली तरी सेन्सरचाच दिवा लागतो. आधी नळी बघितली, वायर बघितली, मग मीटर लावला. चांगल्या सेन्सरचा काटा सारखा वरखाली होतो. याचा डुलक्या घेतल्यासारखा चालला होता. तेव्हा बदलला."

"आणि हा, आज निघाला तो?"

कानसनं सेन्सर पुढे केला. नटाच्या कडेवर बारीक, सरळ अशा दोन खाचा होत्या.

"एक खाच पार्टवाल्याच्या काउंटरवर पाडतो, वस्तू विकत घेताना. दुसरी गिऱ्हाइकासमोर, बसवताना. मधल्या मध्ये बदलली नाही, हे दोघांनाही दिसावं म्हणून."

"सिस्टरांना दाखवल्यात या खाचा?"

"दाखवल्या. त्या म्हणाल्या, खाच काय, जुन्यावरही पाडता येते." त्यानं खांदे उडवले. "खोटं नाही ते. येते पाडता."

हे त्यानं स्वतःच्या विरुद्ध स्वतःच सांगितलं, याची मावशीनं मनात नोंद घेतली. पण नोंद म्हणजे पुरावा नव्हे. भोळ्या चेहऱ्यांनी तिला आयुष्यात बऱ्याच वेळा गंडवलं होतं.

भाची तिला टायरांच्या ढिगामागे घेऊन गेली. "मावशी, खरं सांग. त्यानं केलं असेल का गं?"

"तुला काय वाटतं?"

"वाटत नाही. पण ते टोक बघितलं आणि..." भाचीचे डोळे भरून आले. "माझ्या मनात आलं. एक क्षण का होईना, आलं. त्याची मला लाज वाटतेय."

 मावशी सेन्सर उजेडात धरून बघत होती. टोकावर पिठासारखा पांढरा थर होता, नखानं खरवडला तर कचकचत होता. मग तिनं मागची वायर बोटांवर गुंडाळली. वायर मऊ होती, सहज वळत होती. टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर स्वच्छ, त्याचा खटका अजून करकरीत. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेली वायर अशी नसते. ती कडक होते, वाकवली की तडकते.

"डोकं म्हातारं आहे आणि शेपूट कोवळं," मावशी म्हणाली. "हा जुना नाही गं. नवाच आहे. याला कुणीतरी मारलंय."

३

पार्टवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मावशीनं सेन्सर काउंटरवर ठेवला आणि जुना माल नव्या खोक्यात घालून विकतोस का, असं सरळ विचारलं. पार्टवाल्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"बाई, माझ्या काउंटरची दशा बघा." त्यानं लाकडाच्या कडेवर हात मारला. तिथे लोखंडाचा बारीक कीस अडकला होता. "तुमचा तो कानस इथेच उभा राहून कानस घासतो. दहा वेळा सांगितलं, खाच पाडलेला माल मी परत घेणार नाही. म्हणतो, परत आणायला लागू नये म्हणून तर आधी बघून घेतो. खोक्यातून काढतो, वायरपासून टोकापर्यंत नवरी बघायला आल्यासारखा बघतो, आणि मग खाच पाडतो. त्याला जुना माल विकून तर दाखवा."

त्यानं फळीवरून तसलाच एक सेन्सर काढला. "हा त्याचाच भाऊ. एकाच वेळी आलेला माल." मावशीनं दोघांच्या वायरी शेजारी शेजारी ठेवल्या. रंग सारखा, मऊपणा सारखा, कनेक्टरवरचा शिक्काही सारखा. फक्त एकाचं टोक चकचकीत आणि दुसऱ्याचं भूत पाहिल्यासारखं पांढरं.

"काळं टोक असतं तर मी म्हटलं असतं, पेट्रोल जास्त जातंय," पार्टवाला आता जरा नरमला होता. "तेलकट असतं तर म्हटलं असतं, इंजिन ऑइल जाळतंय. पांढरं म्हणजे काचेसारखं काहीतरी जळून बसलंय. ते सेन्सरमध्ये नसतं बाई. ते इंजिनातून धुराबरोबर येतं."

"कूलंट?"

"हो, इंजिन थंड ठेवणारं ते पाणी आत शिरलं तर असं होतं. किंवा पेट्रोलमध्ये कुणी नको ते मिसळलं तर. बघा तुम्ही."

मावशीनं तो दुसरा सेन्सर उसना मागून पिशवीत टाकला. म्हणजे मारेकरी बॉनेटखाली होता, आणि बॉनेटची किल्ली अशा बाईच्या पर्समध्ये होती जिला गॅरेजच्या माणसाचं तोंडही बघायचं नव्हतं.

४

सिस्टरांचं घर तळमजल्यावर, पुढे छोटं अंगण. अंगणात त्यांचा धाकटा भाऊ स्कूटर धूत होता. व्हरांड्यात वडील पाटावर बसून काचा जुळवत होते. सिस्टरांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. झोप झालेली नव्हती आणि बहुधा रडूनही झालं होतं.

"गॅरेजकडून आला असाल तर मला काही ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही काही सांगायचं नाही. ऐकायचंय." मावशी न विचारता खुर्चीवर बसली. "तुम्ही काल खूप घाबरलात."

एवढ्यानं सिस्टरांचा आवाज खाली आला. "पहिलटकरीण होती हो. घरात दुसरं कुणी नाही. मी स्कूटरवर मागे बसले होते आणि सारखं वाटत होतं, मी पोचेन तेव्हा उशीर झालेला असेल. ते अजून छातीतून जात नाही."

मावशीनं मान हलवली. तिला बाई आवडली. चुकीच्या माणसावर चिडली होती, पण चिडण्याचं कारण चुकीचं नव्हतं.

मग तिनं एकेक खडा टाकून बघितला. गाडी आणखी कोण चालवतं? कधीमधी भाऊ. भाऊ अंगणातूनच म्हणाला की तो त्याच पंपावर पेट्रोल भरतो, त्याच पेट्रोलवर त्याची स्कूटर कशी पळते ते बघा. ही गाडी विकून टाक, असं तो ताईला किती दिवस सांगत होता, हेही त्यानं लपवलं नाही. सिस्टरांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. बघण्यावरून ते भांडण जुनं आणि घरगुती दिसत होतं.

"कूलंट कमी होतं का?"

"छे. बाबा रोज सकाळी बॉनेट उघडून बघतात. रेघभरसुद्धा हललेलं नाही."

कूलंट गेलं, पेट्रोल गेलं. मावशीच्या हातात काही उरलं नव्हतं. सिस्टरांनी चहा आणला, आणि कप देता देता त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र बरी झाली. पूर्वी गाडीत तेल जळल्याचा वास यायचा. तुमचा मेकॅनिकच म्हणाला होता, इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय, तेल पाझरतंय, पुढच्या खेपेला करू. मी म्हटलं, आता नको, एकामागून एक कामं निघतायत. तर बघा, न करताच बरं झालं. आता वास येत नाही."

मावशीचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. तेल पाझरणं औषधाशिवाय बरं होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात तिच्या नाकाला दुसराच एक वास जाणवला. आंबूस, व्हिनेगरसारखा. तो व्हरांड्यातून येत होता. ती कप घेऊनच बाहेर गेली.

म्हातारेबुवा माशांची काचेची टाकी बनवत होते. दोन काचांच्या सांध्यावर त्यांनी ट्यूबमधून सिलिकॉनची रेघ ओढली होती, दोऱ्यासारखी सरळ. मग त्यांनी ओल्या बोटानं ती सफाईनं दाबत नेली आणि कोपऱ्यात अंगठ्याचा एक हलका ठसा दिला.

"किती सुबक," मावशी मनापासून म्हणाली.

म्हातारेबुवा खुलले. "दुकान होतं माझं. माशांच्या टाक्यांचं. गुडघे गेले, दुकान गेलं. आता कुणी सांगितली तर एखादी करतो. माझी टाकी कधी गळली नाही."

"पाणी कधी भरणार?"

"उद्या. सिलिकॉनला अख्खा एक दिवस द्यायचा. वास पूर्ण गेल्याशिवाय मासा सोडायचा नाही, मरतो. या धंद्यात घाई केली की संपलं."

मावशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आणि घाई करावीच लागली तर?"

म्हातारेबुवांचं बोट रेघेवर जागच्या जागी थांबलं. त्यांनी दाराकडे, मुलीकडे पाहिलं.

५

मावशीनं आयुष्यात पुष्कळ जणांकडे बोट दाखवलं होतं आणि त्याबद्दल तिला पगार मिळाला होता. आज मात्र तिला वाटलं, गुन्हेगार एखादा टायर निघाला असता तर किती बरं झालं असतं.

"गॅरेजमध्ये माणसाची नोकरी जातेय आज," ती म्हणाली. "जुनाच सेन्सर त्यानं नवा सांगून बसवला, असं ठरवून. त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलंय."

"चोर?" म्हातारेबुवांना हे ठाऊक नव्हतं. मुलगी सकाळी घरी आली, दार लावून झोपली, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "माझी काठी द्या."

सिस्टर बापाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी काही न विचारता पर्समधून किल्ली काढली.

गॅरेजमध्ये कानस आपली हत्यारं पेटीत भरत होता. भाचीनं त्याला जा म्हटलं नव्हतं, पण थांबाही म्हटलं नव्हतं. मावशीनं बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनाच्या झाकणामागे, जिथे वरून बघून काही दिसत नाही, तिथे छोटा आरसा धरला. झाकणाच्या कडेनं सिलिकॉनची पारदर्शक रेघ गेली होती, दोऱ्यासारखी सरळ. कोपऱ्यात अंगठ्याचा हलका ठसा होता.

"सेन्सर नवाच होता," मावशीनं सुरुवात केली. "वायर सांगतेय, पार्टवाला सांगतोय. कूलंट कमी झालं नाही, पेट्रोलवर दुसरी गाडी नीट चालते. म्हणजे पांढरं करणारं तिसरंच काहीतरी होतं. आणि या गाडीत एक दुरुस्ती अशी झाली होती जी कुणीच केली नव्हती. तेल थांबलं होतं. साधं सिलिकॉन ओलं असताना त्याची वाफ होते. ती वाफ इंजिन ओढून घेतं, जाळतं, आणि तिची काच होऊन सेन्सरच्या टोकावर बसते. आता हे कुणी..."

"मी केलं," म्हातारेबुवा म्हणाले. "तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "ही म्हणत होती, एकामागून एक कामं निघतायत. मी ऐकलं. मला वाटलं, गळती ना, गळतीत आपली हयात गेली. गेल्या आठवड्यात एकदा ही ड्यूटीवरून येऊन झोपली होती. मी झाकण काढलं, पुसलं, रेघ ओढली, बंद केलं. दिवसभर गाडी उभीच राहणार होती, सुट्टी होती हिला. आणि दुपारी फोन आला. कालची नव्हे, दुसरीच एक बाई अडलीय म्हणून."

"मी पाच मिनिटांत निघाले," सिस्टर पुटपुटल्या.

"मी दारापर्यंत आलो होतो गं. म्हणणार होतो, आज गाडी नेऊ नको, ओलं आहे. पण तिकडे बाई अडलेली, मी काय सांगू, थांब, माझं सिलिकॉन सुकायचंय?" ते मुलीकडे वळले. "मग तेल थांबलं. वास थांबला. मला वाटलं, जमलं. तू सगळं करतेस माझं. एवढं एक तरी मी केलं असं वाटलं."

 सिस्टरांना रागवायचं होतं हे दिसत होतं, आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. त्यांनी बापाला स्टुलावर बसवलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग त्या गॅरेजच्या दारात गेल्या आणि सकाळच्याच आवाजात म्हणाल्या, "मी सकाळी या माणसाला चोर म्हटलं, ते खोटं होतं. याची काही चूक नाही. सगळ्यांनी ऐका."

समोर सलूनमध्ये आता दुसऱ्याच कुणाची दाढी चालू होती, पण न्हावी तोच होता. त्यानं वस्तरा वर करून ऐकल्याची खूण केली.

६

कानसनं हत्यारांची पेटी पुन्हा उघडली. भाची जवळ येऊन उभी राहिली. "दादा, सकाळी माझ्याही मनात..."

"कळलं होतं," तो म्हणाला. "मी फडकं शोधत होतो तेव्हाच. जाऊ दे. तो पाना दे इकडे."

त्यानं झाकण उतरवलं, सिलिकॉन कणन् कण खरवडून काढलं, नवं पॅकिंग बसवलं. घाई केली नाही. पार्टवाल्याचा दुसरा सेन्सर मावशीच्या पिशवीत तयारच होता, पण त्यानं तो सगळ्यात शेवटी मागितला. आत काय बिघडलंय ते न शोधता नवा बसवला असता तर हाही पांढरा होऊन बाहेर आला असता, असं त्यानं सिस्टरांना सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडेही तसंच असतं. ताप उतरवला म्हणजे दुखणं गेलं असं नाही." दोघं सकाळपासून पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलली.

झाकणावरून निघालेली सिलिकॉनची पट्टी कानसनं टाकली नव्हती. ती बोटांत लांब धरून तो बघत होता.

"एवढी सरळ रेघ मला येत नाही," तो म्हातारेबुवांना म्हणाला. "हात चांगला आहे तुमचा. इथे दुसऱ्या जातीचं सिलिकॉन लागतं, ते माझ्याकडे असतं. पुढच्या वेळी काही गळलं तर मला हाक मारा, दोघं मिळून करू."

 म्हातारेबुवांनी नुसतं नाक पुसलं.

नव्या सेन्सरवर दुकानातली खाच नव्हती, कारण तो उसना आलेला होता. मावशीनं ते लगेच दाखवून दिलं. पार्टवाल्याला फोन करून बोलावणं झालं. तो कुरकुरत आला, आणि त्याच्या देखत कानसनं पहिली खाच पाडली. राहिली दुसरी. ती गिऱ्हाइकासमोर पाडायची. कानसनं सिस्टरांकडे पाहिलं आणि खिशातली छोटी कानस पुसून त्यांच्या वडिलांपुढे धरली.

म्हातारेबुवांनी मुलीकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यांनी सेन्सर मांडीवर धरला, चष्मा वर सरकवला आणि श्वास रोखून कानस एकदाच ओढली.

कानसनं तो उजेडात नेऊन बघितला. मग तो गाडीखाली गेला आणि त्यानं सेन्सर बसवला.